रीः दिवाळीचा फूड ड्राइव्ह यंदा अ‍ॅथेन्सला?

प्रेषक: सेक्रेटरी

मंडळी, नमस्कार.
दिवाळी कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या दाराशी खोकी ठेवतोय. डाळ, तांदूळ, डबाबंद भाज्या, पीनट बटर, काहीही चालेल. जमा झालेलं यंदा इथे कोलंबसमध्ये न देता ओहायोतल्याच अ‍ॅथेन्स काउंटी फूड पँट्रीला (गरजूंना फुकट शिधा देणारी संस्था) द्यावं, असं कमिटीत निघालंय. हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. तारीख उलटलेले डबे कृपया आणू नका. मागच्या वर्षी सात निघाले.

प्रेषक: डब्लिनचे नाना

सेक्रेटरीसाहेब, हरकत नाही, शंका आहे. इथे गावात भुकेले कमी पडले म्हणून ७५ मैल गाडी हाकायची? की कमिटीत कोणी तिथल्या त्या क्वार्टरबॅकचा, अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकणाऱ्या जो बरोचा, भक्त शिरलाय? तसं असेल तर उघड सांगा. आमचं घर पहिल्यापासून ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमचं. हा पोरगा तीन वर्षं जेवला आमच्याकडे आणि ढेकर दिली लुईझियानात जाऊन!

प्रेषक: कमिटीतली भक्त

नाना, मीच ती. पण जेवला म्हणताय तर ताटात काय वाढलं होतं तेही बघू या.

२०१५ साली तो आला. पहिलं वर्ष रेडशर्ट, म्हणजे सराव करायचा पण मॅच नाही. पुढची दोन वर्षं मुख्य क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेटच्या मागे. निकाल लागून गेल्यावर, लोक पार्किंगकडे निघाले की याला मैदानात सोडायचे. तीन वर्षांत मिळून ३९ पास, त्यातले २९ पोचले, २८७ यार्ड, २ टचडाउन (म्हणजे फुटबॉलमधला गोलच समजा). ही चटणी-कोशिंबीर झाली, वरणभात कुठाय? त्यात २०१७ च्या ऑगस्टमध्ये फेकायच्याच हाताचं हाड मोडलं आणि दुसरा क्वार्टरबॅक ड्वेन हास्किन्स पुढे सरकला.

हा काही कुठून उचलून आणलेला मुलगा नव्हता. अ‍ॅथेन्स हायस्कूलला राज्याच्या फायनलपर्यंत नेलं होतं त्याने. ती फायनल ५६-५२ अशी हरले, पण त्याचे त्यात ६ टचडाउन पास होते. २०१४ चा ओहायोचा ‘मिस्टर फुटबॉल’, म्हणजे राज्यातला सर्वोत्तम शालेय खेळाडू, तोच. वडील तिथल्याच ओहायो युनिव्हर्सिटीत बचावफळीचे कोच. मुलाचे सामने बघता यावेत म्हणून २०१९ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. म्हणजे नेमकं जे वर्ष बघायचं ते त्यांना बघायला मिळालं.

प्रेषक: एक ग्रॅड स्टुडंट (फुकट जेवायला येणारा)

मधे तोंड घालतो. तेव्हा नियम असा होता की कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसा. पदवी हातात असेल तर मात्र लगेच खेळायची मुभा. बरोने तीन वर्षांच्या आत डिग्री पूर्ण केली, विषय कुटुंबाच्या आर्थिक नियोजनाचा. त्यामुळे २०१८ च्या मे महिन्यात एलएसयूला (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला) गेला तेव्हा खेळायची अख्खी दोन वर्षं शिल्लक. ‘आधी डिग्री घे, मग काय धुडगूस घालायचा तो घाल’ हे वाक्य माझ्या आईचं आहे असं मी समजत होतो. ते कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएच्या नियमातच निघालं!

आता हे सगळं गेलं. २०२१ पासून पदवी नसली तरी एकदा तसंच जाता येऊ लागलं आणि त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. बरोच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही.

प्रेषक: डब्लिनचे नाना

डिग्रीचं मान्य. पण आमचे कोच अर्बन मायरचा हिशेब चुकला म्हणाल तर ऐकणार नाही. २०१८ मध्ये हास्किन्सने आमच्यासाठी ५० टचडाउन फेकले. त्याच वर्षी तुमच्या बरोने तिकडे किती? १६. (हास्किन्स बिचारा २०२२ साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. चोवीस वर्षांचं वय. त्याचं नाव कोणी आता घेत नाही म्हणून मी घेतलं.)

आणि २०१९ मध्ये एलएसयूने सेंट्स या व्यावसायिक टीमकडून जो ब्रेडी नावाच्या कोचला आणून सगळा हल्लाच नव्याने बसवला. पास झेलायला जमार चेस आणि जस्टिन जेफरसन. आमच्या मंडळाच्या नाटकालाही असे नट मिळाले तर तेही गाजेल.

प्रेषक: कमिटीतली भक्त

नाना, मंडळाच्या नाटकाला पाठांतरही लागतं!

चेस-जेफरसन होतेच, ब्रेडीही होता. तरी त्या वर्षी बरोचे ६० टचडाउन आणि फक्त ६ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पळवलेले पास), शंभरातले ७६ पास हातात, पंधरापैकी पंधरा मॅचेस. ओक्लाहोमाविरुद्ध मध्यंतरापर्यंतच ७ टचडाउन. मी तेव्हा पोळ्या लाटत होते, चार करपल्या. त्याआधी घरच्या शेवटच्या मॅचला पाठीवर आडनाव लुईझियानाच्या फ्रेंच थाटात लिहून आला. देवनागरीत लिहा, काही फरक पडत नाही. बरो तो बरोच.

पण पँट्रीचं कारण हे आकडे नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये हाइझमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेताना तो रडला आणि आपल्या भागातल्या गरिबीबद्दल बोलला. शाळेतून घरी गेल्यावर पानात फारसं काही नसतं अशा अ‍ॅथेन्सच्या मुलांसाठी मी इथे उभा आहे, अशा अर्थाचं. दुसऱ्या दिवशी गावातल्या एकाने हजार डॉलर जमवू म्हणून आवाहन टाकलं. काही आठवड्यांत पाच लाखांच्या वर गेले. पण ते तेव्हाचं. आता कॅमेरे गेलेत, पँट्री तिथेच आहे आणि आपण तासा-दीड तासावर राहतो.

आणि ढेकर म्हणाल तर २०२० मध्ये सिनसिनाटीच्या व्यावसायिक टीमने, बेंगॉल्सनी, नवे खेळाडू निवडताना त्याला पहिल्या नंबरला उचललं. सिनसिनाटी ओहायोतच येतं ना?

प्रेषक: डब्लिनचे नाना

येतं. व्हॅन माझी घ्या, मागच्या सीटा काढून ठेवतो. तिथल्या शाळेच्या स्टेडियमला त्याचं नाव दिलंय म्हणे. मी गाडीतच बसेन.

प्रेषक: सेक्रेटरी

हरकत एकही नाही असं धरतो. व्हॅन शनिवारी सकाळी नऊला. नाना, सीटा सगळ्या काढू नका, चौघं येताहेत.