फोन पेटीत, गृहपाठ ग्रुपवर

शेवटचा_बाक: काल एका काकांनी इथे लिहिलं, "शाळेत फोनबंदी करा, पोरं आपोआप माणसांत येतील." काका, मी दहावीत आहे. आमच्याकडे दोन वर्षं बंदीच आहे. सकाळी फोन पेटीत टाकायचा, सुटताना घ्यायचा. निम्मी पोरं घरातला बंद पडलेला, काच फुटलेला फोन टाकतात. खरा दप्तराच्या तळाशी. सर मोजतात, आकडा जुळतो, सगळे खूश. बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळांतली १२२७ मुलं तपासली. २०२५चा निष्कर्ष: बंदी असो-नसो, मानसिक स्वास्थ्यात फरक नाही.

पांढरा_खडू: सोयीचं तेवढंच वाचलंस. जितका फोन जास्त तितकी झोप आणि अभ्यास खराब, हेही त्याच अभ्यासात आहे. शाळेत राहिलेली कसर तुम्ही घरी भरून काढता, त्याला बंदी काय करणार? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा २०१५चा अभ्यासही बघ. बंदीनंतर मार्क वाढले ते कच्च्या मुलांचे. हुशारांना काही फरक पडला नाही, म्हणून तेच जास्त बोलतात.

मधली_सुट्टी: सर, मग रात्री पावणेदहाला ग्रुपवर गृहपाठ कोण टाकतं? फोन वाईट, फक्त गृहपाठापुरता चांगला?

दोघांची_आई: अगदी! आणि त्याखाली चाळीस पालकांचं "ओके मॅडम". त्यात मूळ गृहपाठ शोधायला मला वरपर्यंत जावं लागतं, तोवर पोरगी दुसरंच काहीतरी बघत असते. वहीत लिहून द्यायला काय होतं?

पांढरा_खडू: वहीत दिला की "वही शाळेत राहिली, फोटो टाका" असे रात्री अकराला मेसेज तुम्हीच करता. आम्हालाही घर आहे, ताई.

दोघांची_आई: मी कधीच केलेला नाही. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

गप्प_मुलगी: गृहपाठाचं नंतर भांडा. आठवीत असताना वर्गात मी जांभई देत होते, कोणीतरी फोटो काढला. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा स्टिकर झाला होता. वर्षभर कोणीही "बोअर" म्हटलं की माझं तोंड. बंदी आल्यापासून वर्गात निदान जांभई देता येते. विद्यार्थ्यांचं मत म्हणजे फक्त शेवटच्या बाकाचं मत नव्हे.

शेवटचा_बाक: स्टिकरचं मान्य. पण माझ्या फोनमुळे तुला काय त्रास?

गप्प_मुलगी: तो स्टिकर तू कधी पाठवला नसशील तर काहीच नाही.

माणसांत_या: कालचा काका मीच. "आपोआप" हा शब्द मागे घेतो, बाकी वाक्य तसंच. फ्रान्सने २०१८मध्ये कायदाच केला, तिथली पोरं काही मेली नाहीत. गृहपाठाच्या ग्रुपवरही बंदी घाला, माझं अनुमोदन.

पांढरा_खडू: माझ्यापुरतं एवढंच. उद्यापासून पेटीतला प्रत्येक फोन आधी चालू करून दाखवायचा.

शेवटचा_बाक: सर, तुम्ही आमच्याच शाळेतले नाही ना?