फक्त हजेरीपटावर थांबू नका
अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय पूर्वजाचं नाव पलटणीच्या हजेरीपटात (सैनिकांच्या यादीत) नाही म्हणजे शोध संपला, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. गुलामगिरीतून आलेल्या अशा कित्येक सैनिकांनी मालकाचं आडनाव नंतर टाकून दिलं, त्यामुळे पटावरचं नाव वेगळं असू शकतं. गुलामगिरीतून स्वतः निसटून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे पती नेल्सन डेव्हिस पलटणीत ‘नेल्सन चार्ल्स’ होते. ते १८८८ मध्ये वारले; दोन्ही नावांचा माणूस एकच हे पटवून देता देता टबमनना विधवा-पेन्शन मिळायला १८९५ उजाडलं, तेही महिना ८ डॉलर! पण अशा खटाटोपातच पेन्शनची फाइल जाड होते. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती, म्हणून लग्न झालं होतं हे पटवायला शेजारी, सोबतचे शिपाई, कधी जुना मालकसुद्धा जबानी द्यायचा. विधवेचा पेन्शनचा अर्ज शोधा, आणि त्यातल्या जबान्या आधी वाचा.