ज्वारीची भाकरी कडेला चिरते

प्रश्न: दळण तीन आठवड्यांपूर्वीचं आहे. कोमट पाण्यात मळते. थापताना कडा चिरतात, भाकरी फुगतही नाही. काय बदलू?

उत्तर १: पाणी उकळतं घ्या. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, चिकटपणा येतो तो गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगल्यामुळे. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी. चमच्याने कालवून ५ मिनिटं झाका. मग एका भाकरीपुरताच गोळा घ्या आणि तळव्याने रगडून मऊ होईपर्यंत मळा. गोळा दाबल्यावर कडेला चीर पडली तर अजून मळायचं, थापायची घाई नको. इथेच बहुतेक भाकऱ्या बिघडतात.

उत्तर २: पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, जाते. दळण थोडं थोडं आणा, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा.

उत्तर ३: फुगण्याबद्दल. तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी टाका, लगेच वरून पाणी फिरवा. ते पूर्ण सुकायच्या आत उलटा; जास्त सुकलं तर पापुद्र्याला चिरा पडून वाफ निसटते. पाण्याची बाजू तव्यावर नीट भाजा, मग दुसरी बाजू थेट आचेवर.