पीकेयू: कॉलेजातल्या मुलाची चिडचिड, आधी समुपदेशन की आधी रक्त तपासायचं?

कॉलेज_समुपदेशक_दादर
पीकेयू (प्रथिनांतलं फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल शरीराला नीट पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असलेला १९ वर्षांचा विद्यार्थी. अभ्यासात लक्ष नाही, चिडचिड, मित्रांना टाळतो. अकरावीपासून पथ्याची (फेनिलॲलनिन नसलेल्या प्रथिनांची) पावडर जवळपास बंद, कॅन्टीनचं खातो. घरचे म्हणतात, "मेंदूची वाढ झाली, आता कसलं पथ्य?" नैराश्य धरून पुढे जाऊ का?

आहार_परळ
आधी फेनिलॲलनिन तपासा. रक्तात ते वाढलं की मेंदूत शिरताना टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लांची वाट अडवतं, मग त्यांपासून बनणारी डोपामिन, सेरोटोनिन ही मनःस्थिती सांभाळणारी रसायनं कमी बनतात. चिंता, मरगळ, अर्धवट सोडलेली कामं, बरंचसं त्यातूनच. पथ्य परत सुरू केल्यावर पुष्कळांत ओसरतंही. १२ वर्षांपुढे युरोपात मर्यादा ६०० मायक्रोमोल प्रतिलिटर, अमेरिकेत जन्मभर ३६०. रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर अंदाजे १० आणि ६. पथ्य जन्माचं आहे, घरच्यांना हे आकडेच दाखवा.

रक्त सकाळी उपाशीपोटी, पावडरीआधी, दर वेळी त्याच सुमारास. रक्त टिपायच्या कागदी कार्डावर एका थेंबात एक वर्तुळ भरायचं. थेंबावर थेंब टाकला की आकडा फुगतो. पावसाळ्यात मुंबईत कार्ड लवकर वाळत नाही आणि ओलं पाकिटात गेलं की नमुना बाद.

प्रथिनमोजणी
पावडर दिवसाला तीन-चार वेळा विभागून, जेवणासोबत. एकदम ढोसली तर शरीर बरीचशी जाळून टाकतं, पोट बिघडतं आणि मुलं ती सोडतात. पावडर सुटली की बी१२ सुद्धा बघा, कारण मांस-दूध आधीच बंद असतं. ते कमी पडलं तरी मन खचतं.

कॅन्टीनची साबुदाणा खिचडी फसवी. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम, आणि दर ग्रॅम प्रथिनामागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास फेनिलॲलनिन. कूट वगळून मागायची. वड्यात बेसन, डाएट कोल्ड्रिंकात ॲस्पार्टेम, म्हणजे फेनिलॲलनिन असलेला कृत्रिम गोडवा. आणि जोशात उपास नको! पोट रिकामं राहिलं की स्नायूंतली प्रथिनं फुटून पातळी उलट चढते.

मनोविकार_सायन
सगळं मान्य, पण रिपोर्टसाठी उपचार अडवू नका. पातळी चांगली असतानाही नैराश्य येतं. रोज काट्यावर तोलून जेवणं काय कमी ताणाचं आहे? जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्यांत बऱ्याचदा ॲस्पार्टेम असतं, साधी गिळायची गोळी मागा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालते.

कॉलेज_समुपदेशक_दादर
तोवर सत्रात काय करू?

आहार_परळ
एका वेळी एकच काम द्या, तेही लिहून. पावडरीच्या वेळांचे गजर त्याच्याच मोबाइलवर लावून घ्या. विसरला तर टाळाटाळ समजू नका. तपासणीसाठी केईएम बघा, राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातलं मुंबईचं केंद्र तेच आहे.