विषय संपलेला नाही

चर्चमध्ये बायकांचं स्थान काय, यावर 'पौलाने बायकांना मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) गप्प राहायला सांगितलंय, विषय संपला' असं एकाने लिहिलंय. नाही संपला! त्याच पौलाने, म्हणजे बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या ख्रिस्ती प्रेषिताने, रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात फिबी नावाच्या बाईला मंडळीची सेविका म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस', तोच तो स्वतःसाठीही वापरतो. आणि पुनरुत्थित येशू योहानाच्या शुभवर्तमानात आधी दिसतो तो त्याच्या शिष्येला, मग्दालीया मरीयेला. 591 मध्ये पोप ग्रेगरींनी प्रवचनात तिलाच पापी स्त्री ठरवलं.

आमच्या गावी, वेंगुर्ल्याच्या बाजूला, आई चर्चमधल्या वेदीचं कापड धुवायची. मेणाचे थेंब नखाने खरवडायचे, मग कागद ठेवून इस्त्री फिरवायची. चर्चमध्ये बायबल वाचायला मात्र पुरुषच. वाचक आणि वेदीसेवक (वेदीपाशी फादरना मदत करणारा) ही पदं कॅथलिक स्त्रियांना रीतसर खुली झाली 2021 मध्ये. आई तोवर गेली होती.