सोलापूरहून मुंबईच्या क्रूझला जायचंय: सिद्धेश्वर की वंदे भारत?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मुंबई-गोवा-मुंबई क्रूझचं बुकिंग झालंय. शुक्रवारी दुपारी चढायचं, रविवारी सकाळी परत. तिकिटावर रिपोर्टिंग १ ते ३ दिलंय, तीनला काउंटर बंद. आम्ही सहा जण आहोत: आम्ही दोघं, दोन मुलं, आई आणि बाबा. बाबा सत्तरीचे आहेत आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे जिने नकोत. गाडी करून जायचं नाही, ट्रेननंच जायचंय.
माझे प्रश्न असे. रात्रीची सिद्धेश्वर घ्यावी की त्याच दिवशी सकाळची वंदे भारत? सीएसएमटीवरून बोटीपर्यंत कसं जायचं? रविवारी परत कोणत्या गाडीनं यावं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ पुण्या-मुंबईवाल्यांचे, त्यात आपल्या कामाचं काही नाही.

सातरस्ता
वंदे भारत. सकाळी सहा पाचला सोलापूर, साडेबाराच्या सुमारास सीएसएमटी, एक वाजता तुम्ही गेटवर. विषय संपला.

कडकभाकरी
कुठला संपला ओ विषय! कागदावर अडीच तास हातात दिसतात. पण मध्ये पुणे आहे, घाट आहे, कल्याणच्या पुढे लोकलची गर्दी आहे. एखाद्या सिग्नलला तासभर अडकली तर बोट थांबणार का? विमान चुकलं तर दुसरं विमान मिळतं, बोट चुकली की गोव्याला जाऊन पकडायची. सहा जणांच्या क्रूझचे पैसे कुठं आणि गाडीभाड्यात वाचणारे कुठं?

सातरस्ता
वंदे भारत वेळ पाळते ओ, मी नेहमी जातो.

कडकभाकरी
तुम्ही ऑफिसच्या मीटिंगला जाता. मीटिंग उशिरा सुरू होते.

निवृत्त_गार्ड
दोघांचंही बरोबर आहे, पण या प्रवासासाठी सिद्धेश्वरच. आयुष्य गाडीत गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वंदे भारत चांगली गाडी आहे. पण एकतर साडेसहा तास बसून जायचं. गुडघ्याच्या माणसाला कुर्डुवाडी ओलांडल्यावरच पाय कुठं ठेवू असं होतं. दुसरं म्हणजे सामान. क्रूझला लोक मोठ्या बॅगा घेतात, आणि चेअर कारच्या वरच्या फळीवर मोठी सुटकेस नीट मावत नाही, दाराजवळच्या जागेत कुणाचं ना कुणाचं सामान आधीच असतं. तिसरं कडकभाकरींनी सांगितलंच. सिद्धेश्वर रात्री साडेदहा-पावणेअकराला निघते आणि सकाळी साडेसहाच्या पुढे-मागे सीएसएमटीला लागते. दोन तास उशीर झाला तरी साडेआठ वाजतात, तुमच्या बोटीला काही फरक पडत नाही. हे जे रिकामे पाच-सहा तास आहेत ना, तेच खरं तिकीट. ते वाया गेले असं समजू नका.

आता तिकिटाचं. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवसांवर आलंय, आधी एकशेवीस होतं. बोट शुक्रवारी असली तरी तुमची गाडी गुरुवारी रात्रीची, म्हणून साठ दिवस गुरुवारपासून मागे मोजा. ज्या दिवशी खुलेल त्या दिवशी सकाळी आठला लॉगिन करून बसा. डिसेंबरात सिद्धेश्वरचे एसी डबे लवकर भरतात.

सगळ्यात महत्त्वाचं: सहा जणांचं एकच तिकीट काढू नका. आईबाबांचं वेगळं काढा, दोघांचंच. ज्येष्ठांचा लोअर बर्थचा कोटा आहे, पुरुष ६० आणि बाई ४५ च्या पुढे, पण तो एकट्यानं किंवा अशाच दोघांनी एका तिकिटावर प्रवास केला तरच लागतो. सहा जणांच्या तिकिटात नातवंडं घातली की कोटा गेला, आणि बाबा मधल्या बर्थवर. मग रात्री डबाभर 'काका, जरा खालची देता का' करत फिरायचं.

अजून एक. निघायच्या आदल्या दिवशी ॲपवर गाडी सीएसएमटीपर्यंत आहे ना बघा. मोठा ब्लॉक असला तर लांबच्या गाड्या दादरलाच संपवतात. दादरला उतरून सहा बॅगा आणि बाबा, नको.

जुळेसोलापूरकर
गार्डसाहेब, फार उपयोगी लिहिलंत. वेगळ्या तिकिटाचं माहीतच नव्हतं. पण साडेसहाला उतरून एक वाजेपर्यंत करायचं काय? बाबांना बाकावर बसवून ठेवणं जमणार नाही.

निवृत्त_गार्ड
सीएसएमटीला रिटायरिंग रूम आहेत. आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून तासांच्या हिशेबानं मिळतात. गाडीचं तिकीट झालं की लगेच खोली बघा, नंतर मिळत नाही. आंघोळ, दोन तास पाठ टेकणं, झालं. खोली नाहीच मिळाली तर क्लोक रूममध्ये सामान ठेवा. प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, नसेल तर घेत नाहीत. झिपची छोटी कुलपं नवी पेठेतून आधीच घेऊन ठेवा, स्टेशनबाहेर दुप्पट पैसे मोजावे लागतात.

फोर्टातला_सोलापुरी
गेली कित्येक वर्षं नोकरी फोर्टात आहे, म्हणून स्टेशनच्या पुढचं मी सांगतो. बोट लागते बॅलार्ड पियरला. सीएसएमटीपासून दीड-दोन किलोमीटर, त्यापेक्षा जास्त नाही. पण घोळ इथंच होतो.

टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ' म्हणू नका. तो तुम्हाला गेटवेला नेईल, नाहीतर भाऊच्या धक्क्याला. गेटवेला एलिफंटाच्या लाँची, भाऊच्या धक्क्याला मांडव्याची रो-रो. पूर्वी गोव्याची एक बोट माझगावच्या बाजूनं सुटायची, त्यामुळे जुन्या माणसांच्या डोक्यात अजून तेच आहे. तुम्ही म्हणायचं 'बॅलार्ड पियर, ग्रीन गेट'. तरी तिकिटावर कोणतं गेट लिहिलंय ते वाचून घ्या, गोदीची गेटं रंगांच्या नावानं आहेत आणि एकमेकांपासून लांब आहेत.

स्टेशनातून बाहेर कुठून पडता हेही महत्त्वाचं. सोलापूरच्या गाड्या मोठ्या नंबरांच्या प्लॅटफॉर्मवर लागतात. लोकलच्या बाजूला, म्हणजे आझाद मैदानाकडे, गर्दीत घुसू नका. १८ नंबरच्या कडेनं पी. डि'मेलो रोडकडे बाहेर पडा. सीएसएमटी टर्मिनस असल्यामुळे गाड्या येऊन थांबतात आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाकडून सपाटीनं चालत बाहेर येता येतं, पूल चढावा लागत नाही. बाबांना जिना नको म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतो. व्हीलचेअर हवी असेल तर गाडी लागायच्या आधीच सांगून ठेवा. सामानाला हमाल करा आणि दर आधी ठरवा.

टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. म्हणजे मीटरनं पन्नासच्या आत काम होतं. सामान बघून दोनशे, तीनशे मागतात. सहा जण आणि सामान म्हणजे दोन टॅक्सी लागतीलच. आईबाबा आणि मोठ्या बॅगा एकीत, बाकीचे दुसरीत. ॲपवरून बोलावली तर पिन नीट टाका, नाहीतर ड्रायव्हर जीपीओसमोर आणि तुम्ही मागच्या रस्त्यावर, असा खेळ चालतो.

आणि एक अवांतर, पण सोलापूरकरांना सांगायलाच हवं. जीपीओकडून बॅलार्ड इस्टेटकडे जो रस्ता जातो त्याचं नाव वालचंद हिराचंद मार्ग. वालचंदशेठ १८८२ चे, जन्म आपल्या सोलापुरातला. त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीची 'एस. एस. लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. त्या काळी समुद्रावर सगळा कारभार इंग्रजी कंपन्यांचा. तो दिवस म्हणून आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. वालचंद कॉलेजमध्ये चार वर्षं काढणाऱ्या आपल्या पोरांना हे ठाऊक नसतं, बोटीवर जाताना पाटी तरी दाखवा.

निवृत्त_गार्ड
वा! मग मीही एक सांगतो. एके काळी टॅक्सीची भानगडच नव्हती. बॅलार्ड पियरला रेल्वेचं स्वतःचं स्टेशन होतं, बॅलार्ड पियर मोल. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या हंगामात तिथूनच सुटायची. विलायतेची टपालबोट लागली की साहेब उतरायचा आणि समोरच्या गाडीत बसून थेट पेशावरकडे. आज आपण क्रूझ टर्मिनलला एवढं कौतुकानं बघतो, आणि गाडी मात्र दीड किलोमीटर अलीकडे थांबते.

सातरस्ता
विमान सुरू झालंय की आता सोलापूर-मुंबई. त्यानं जा म्हणावं.

फोर्टातला_सोलापुरी
जा की. विमानतळावरून बॅलार्ड पियरला यायला रस्त्यावर किती वेळ जाईल ते देवाला माहीत. आणि विमानात सामानाचं वजन मोजतात. सिद्धेश्वरला कोण मोजतंय?

बार्शीनाका
ताई म्हणून दोन गोष्टी सांगते, पुरुष मंडळी विसरतात. टर्मिनलवर मोठ्या बॅगा काउंटरला घेतात आणि नंतर त्या थेट खोलीत येतात, कधी कधी संध्याकाळपर्यंत. त्यामुळे बाबांची औषधं, आईचा चष्मा, एक जोडी कपडे, फोनचे चार्जर आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं एका हातातल्या पिशवीत. मुलांची आधार कार्डंसुद्धा. वेब चेक-इन घरीच करून प्रिंट काढा, आठ वाजता स्टेशनसमोर झेरॉक्सवाला शोधत बसू नका.

दुसरं, खाण्याचं. गाडीत रात्री उशीर होतो, जेवूनच चढा, नाहीतर दशम्या-चटणी बरोबर घ्या. सकाळी सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाला आहे, पुरी-भाजी गरम मिळते. पण दुपारी जड खाऊ नका, बोटीवर चढल्या चढल्या जेवण असतं आणि तिथं पहिल्याच दिवशी सगळे तुटून पडतात.

जुळेसोलापूरकर
ताई, आई शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरी घेणारच आहे. बोटीवर नेऊ देतात का? तिला वाटतं तिथलं जेवण चालणार नाही.

बार्शीनाका
बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तिकिटाबरोबर नियमांची यादी येते, त्यात इस्त्री, किटली असल्या गोष्टीही असतात, वाचून घ्या. आईंना सांगा, गाडीत खा आणि उरलेला डबा क्लोक रूमच्या बॅगेत ठेवा, परत येताना तोच कामाला येईल. कडक भाकरी तीन दिवसांत कुठं जातेय. चटणीलाही काही होत नाही. बोटीवर शाकाहारी, जैन सगळं मिळतं. सकाळी इडली-पोहेसुद्धा होते, फक्त आपल्यासारखं तिखट नाही.

जुळेसोलापूरकर
हे एकदम बेस्ट. आता परतीचं सांगा. रविवारी सकाळी बोट लागते, किती वाजता बाहेर पडतो माणूस?

फोर्टातला_सोलापुरी
बोट धक्क्याला लागली म्हणजे तुम्ही उतरलात असं नाही. मजल्यांच्या नाहीतर टॅगच्या क्रमानं सोडतात, मग सामान शोधायचं, मग टॅक्सीची रांग. दहा-अकरा धरून चाला. सकाळची कुठलीही गाडी बुक करू नका.

तुमच्यासाठी दुपारची वंदे भारत. सीएसएमटीहून चार पाचला सुटते आणि रात्री साडेदहा-पावणेअकराला सोलापूर. ही बुधवारी मुंबईहून नसते आणि गुरुवारी सोलापूरहून नसते, बाकी दिवस असते. तुमचा रविवार आहे, चालेल. जाताना मी तिला नको म्हणालो असतो, येताना मात्र हीच. उशीर झाला तर फार तर घरी उशिरा पोचाल, बोट काही सुटत नाही. आणि सामान घेऊन लवकर चढा, दाराजवळची जागा मिळते.

बाराच्या आत सामान क्लोक रूमला टाकलं तर दुपारी बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानियाला जेवता येईल, बेरी पुलाव. फक्त रविवारी उघडं असतं ना ते आधी विचारून घ्या. इराणी हॉटेल आहे, १९२३ चं. दुपारचंच असतं, रांग असते. मुलांना घेऊन जा, आईंना भाताचा प्रकार म्हणून सांगा.

कडकभाकरी
बाबांना एवढं बसवणार का येताना? गार्डसाहेबांनी जाताना तेच कारण दिलं होतं.

निवृत्त_गार्ड
रास्त मुद्दा. बाबांचा गुडघा दुखत असेल तर सिद्धेश्वरनंच परत या, तीही सीएसएमटीहून रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारासच. पण मग सकाळी अकरापासून रात्रीपर्यंत बारा तास मुंबईत काढायचे, त्यात रविवार, लोकलचा मेगाब्लॉक, सगळीकडे गर्दी. दिवसभरासाठी रिटायरिंग रूम मिळाली तरच हा विचार करा. नाही मिळाली तर वंदे भारतमध्ये एक्झिक्युटिव्हच्या दोन जागा फक्त आईबाबांना काढा, बाकीचे चेअर कारमध्ये. एक्झिक्युटिव्हची खुर्ची रुंद आहे, पायाला जागा बरी. तिकीट तिथंही वेगळंच, आणि पुण्याच्या पुढे एकदा उठवून डब्यात फिरवा.

सातरस्ता
म्हणजे शेवटी वंदे भारत आलीच ना!

जुळेसोलापूरकर
मंडळी, ठरलं. जाताना गुरुवारची सिद्धेश्वर, आईबाबांचं तिकीट वेगळं, रिटायरिंग रूम सकाळपुरती. येताना वंदे भारत, आईबाबा एक्झिक्युटिव्ह. डबा क्लोक रूमच्या बॅगेत. आईला सांगितलं, ती म्हणाली, "त्या क्लोक रूममध्ये उंदीर असतील तर?"

बार्शीनाका
स्टीलचा डबा द्या. घट्ट झाकणाचा.