मदत हवी आहे: ऑफिसचं पुढचं दार ईएम लॉकवर, मागच्या दाराला साखळी

नमस्कार मंडळी,

फायर सेफ्टी, इमारतीचं इलेक्ट्रिकल किंवा ॲक्सेस कंट्रोल, यांपैकी कशातही काम करणारं कोणी इथे असेल तर कृपया पूर्ण वाचा. थोडं लांबलंय.

पुण्यात एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. माणसं साधारण 80. मी अकाउंट्सला आहे आणि मजल्याची फायर वॉर्डन (आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढायची जबाबदारी असलेली) म्हणून जिन्याजवळच्या बोर्डावर माझं नाव लावलेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन लॅपटॉप चोरीला गेले. त्यानंतर पुढच्या काचेच्या दाराला कार्डवर चालणारं ईएम लॉक (विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारं) बसलं, नवीन कॅमेरे आले, आणि मागच्या जिन्याच्या दाराला साखळी घालून कुलूप लागलं. त्याची किल्ली खाली वॉचमनकडे असते. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

गेल्या महिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. आम्ही नऊजण आत होतो, त्यातली एक सहकारी सातव्या महिन्याची गरोदर. कार्ड लावलं, दार उघडेना. आतलं एक्झिटचं बटण दाबलं, तरी नाही. मागे साखळी. वॉचमनला फोन लावला तर तो जनरेटरपाशी, उचलेना. शेवटी इमारतीचा इलेक्ट्रिशियन आला आणि बाहेरून लॉकची वायर काढून त्याने दार सोडवलं. यात वीस मिनिटं गेली. काही झालं नाही, पण त्या वीस मिनिटांत धूर असता तर, हे डोक्यातून जातच नाही.

त्याने मग जे समजावलं ते सांगते, चुकत असेन तर दुरुस्त करा. ईएम लॉक म्हणजे विजेवरचा लोहचुंबक. आमच्या लॉकची पकड 600 पौंडांची, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास. माणसाने ओढून ते सुटणं कठीण. वीज तुटली की मात्र लगेच सुटतं, म्हणजे लाइट गेल्यावर ते आपोआप उघडायला हवं होतं. पण कोणी मेन स्विच पाडून आत शिरेल या भीतीने त्याला बॅटरी जोडलेली आहे. त्या दिवशी चुंबक बॅटरीवर चालू राहिला आणि कंट्रोलर, म्हणजे कार्ड ओळखून दार सोडणारं यंत्र, हँग झाला. बटण थेट चुंबकाची वीज तोडत नाही, ते कंट्रोलरला सांगतं आणि मग कंट्रोलर दार सोडतो. कंट्रोलर बंद, म्हणजे बटणही निकामी. फायर अलार्मच्या पॅनेलमधून या लॉकला वायरच आलेली नाही, त्यामुळे अलार्म वाजला तरी दार तसंच राहणार.

आणि ज्या चोरासाठी हे केलं, त्याला तरी अडवतंय का? आमची कार्डं 125 किलोहर्ट्झची साधी आहेत. त्यांत एक ठरावीक नंबर असतो आणि रीडरजवळ नेलं की कार्ड तो उघडाच सांगतं. असं कार्ड कॉपी करायला स्वस्तातलं यंत्र आणि काही सेकंद पुरतात. दुपारी चहाच्या वेळी ट्रे घेऊन ये-जा करायची म्हणून हाउसकीपिंगवाले दाराला फायर एक्स्टिंग्विशर टेकवून ते उघडं ठेवतात. त्यांना मी दोष देत नाही, दोन्ही हात भरलेले असताना कार्ड कसं लावणार? पण म्हणजे दिवसा कोणीही आत येऊ शकतं आणि रात्री आतलं माणूस बाहेर पडू शकत नाही.

ॲडमिनच्या सरांशी बोलले. ते म्हणाले, "मॅडम, फॉर्म बी आलाय ना, मग झालं." ते प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सी देते, आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं. नंतर घातलेली साखळी त्यात कुठून दिसणार? मुळात नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे असं आहे. 1911 साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली तेव्हा नवव्या मजल्यावरच्या जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. कामगारांनी माल चोरून नेऊ नये म्हणून बाहेर पडताना एकाच दाराशी पिशव्या तपासल्या जात. 146 माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. आमच्या साखळीमागचं कारणही चोरीच आहे, म्हणून हे सरांना सांगितलं. "तुम्ही फार टेन्शन घेता" असं उत्तर मिळालं.

मला नेमकं हे हवंय:

ईएम लॉकच्या वायरमध्येच हिरवा इमर्जन्सी ब्रेक ग्लास (आणीबाणीत दाबायची पेटी) बसवला, म्हणजे तो दाबल्यावर कंट्रोलरला न विचारता वीज तुटेल, तर पुरेल का? की फायर पॅनेलची जोडणीही हवीच? बॅटरी काढायला सर तयार होणार नाहीत, म्हणून विचारते.

मागच्या दाराला पॅनिक बार (आतून ढकलल्यावर दार उघडणारा आडवा दांडा) आणि दार उघडताच वाजणारा अलार्म, असं कोणी बसवलंय का? खर्च किती आला? चोरीची भीती खरी आहे, तिला उत्तर दिल्याशिवाय साखळी निघणार नाही.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यात जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे एवढं वाचलंय. लेखी पत्र कंपनीला द्यावं की इमारतीच्या मालकाला? आणि अग्निशमन दलाकडे गेले तर माझं नाव बाहेर येतं का? घरात कमावणारी मी एकटी आहे.

भर (दोन दिवसांनी): सगळ्यांचे आभार. पत्र दोघांनाही द्या आणि पोच घ्या, हा सल्ला ऐकला. काल साखळीचा फोटो जोडून पत्रं दिली, दोन्हींवर शिक्का मिळाला. तोवर किल्लीची एक प्रत मागच्या दाराशेजारी काचेच्या पेटीत ठेवा म्हटलं, त्याला सर "बघतो" म्हणालेत. पॅनिक बारबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही. आमचं दार जुनं, लाकडी आणि एकाच झडपेचं आहे, त्याला तो बसतो का?